एक लाल कार्ड, दोन नावं

धुळ्यात आमच्या गल्लीत कोणी नवं भाडेकरू आलं की समोरच्या काकू त्यांना माझी ओळख करून देतात. "ही परदेशात फुटबॉल खेळायची," म्हणतात, आणि मग आवाज खाली आणून, "पण नंतर हिच्यावर बंदी आली." बंदी कशाची, हे काकूंनाही नीट ठाऊक नाही. गल्लीत दोन मतं आहेत. एका मताप्रमाणे मी कसलंसं औषध घेतलं होतं. दुसऱ्या मताप्रमाणे मी पंचाला मारलं. खरं कारण इतकं घरगुती आहे की ते कोणाच्या डोक्यातच येत नाही. माझ्या सासूचं आणि माझं नाव एक होतं, म्हणून मी देशाकडून खेळू शकले नाही.

मी असोद्याची. घरी केळी आणि कपाशी. जळगावच्या शाळेत मुलींचा संघ भरेना, तेव्हा सरांनी उंची बघून मला मागे उभं केलं आणि सांगितलं, कोणी चेंडू घेऊन आली की आडवी हो. मी आडवी झाले ती पुढे पंधरा वर्षं आडवीच होत राहिले. आडवं होणं हा माझा स्वभावच आहे, असं माझी आई म्हणते. सामने दीपनगरच्या वीज केंद्राच्या वसाहतीच्या मैदानावर असायचे. तिथे खरंखुरं गवत होतं. आमच्या शाळेच्या मैदानात पडलं की गुडघा सोलून निघायचा, म्हणून दीपनगरला जायचं म्हटलं की आम्हाला सणासारखं वाटायचं. वडिलांना आम्ही भाऊ म्हणतो. भाऊ कधी सामना बघायला आले नाहीत, पण पहाटेच्या बसला मला सोडायला न चुकता यायचे. थांब्यावर उभ्या बायकांनी काही विचारलं तर म्हणायचे, "खेयाले चालली. जाऊ द्या तिले."

पुढे राज्याकडून खेळले, मग दुसऱ्या राज्यातल्या एका क्लबने करार केला. क्लब लहान, पण मुली जिद्दीच्या. एका वर्षी आम्ही देशातली स्पर्धा जिंकली आणि आम्हाला शेजारच्या देशांतल्या क्लबांच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. मी पहिल्यांदा विमानात बसले ती तेव्हा. पासपोर्टवर आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, फोटोत केस तेल लावून चापून बसवलेले.

त्या स्पर्धेच्या उपान्त्य सामन्यात समोरच्या संघाची एक पुढची खेळाडू मला सारखी डिवचत होती. सामना संपत आला असताना तिने माझी वेणी धरून ओढली. पंचांनी ते पाहिलं नाही. मी वळून तिला दोन्ही हातांनी ढकललं, ते मात्र बरोबर पाहिलं. लाल कार्ड. ती मैदानावर पडून असं विव्हळली की माझा हात खरंच एवढा जड आहे का, अशी मलाच शंका आली. आम्ही तो सामना हरलो. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात मी बाहेर, प्रेक्षकांत बसले. सामना संपल्यावर आमचे मॅनेजर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "झालं तुझं. एका सामन्याची शिक्षा होती, भोगून झाली." मी विश्वास ठेवला. मॅनेजरवर ठेवायचा नाही तर कोणावर ठेवायचा?

प्रत्यक्षात झालं असं, की आम्ही परतल्यावर तिकडच्या शिस्त समितीची बैठक बसली आणि तिने माझी शिक्षा वाढवून तीन सामन्यांची केली. एक भोगून झालेला, उरलेल्या दोन सामन्यांना पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत बाहेर बसायचं. तसं पत्र ईमेलने क्लबला आलं. क्लबचं कार्यालय म्हणजे मॅनेजर आणि त्यांचा मोबाइल. ते पत्र त्यांनी वाचलं नाही, की वाचून विसरले, की वाचून गप्प बसले, हे मला आजही माहीत नाही. माझ्यापर्यंत ते आलं नाही एवढं खरं.

त्याच हिवाळ्यात माझं लग्न झालं.

सासरच्या माणसांबद्दल वाईट बोलायची सोय नाही, हीच माझी खरी अडचण आहे. आपलेच दात, आपलेच ओठ. बघायला आले तेव्हाच सासऱ्यांनी स्वतःहून सांगितलं होतं, खेळ सोडायचा नाही. सासऱ्यांना सगळे नाना म्हणतात. एसटीच्या कंट्रोल रूममध्ये त्यांची नोकरी झाली. नवरा मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात बसतो, स्वभावाने थंड, कोणाला दुखवायचं नाही म्हणून अर्धी वाक्यं गिळणारा. सासूला गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही अक्काच म्हणू लागले. माझ्या मैत्रिणींना लग्नानंतर पायातले बूट माळ्यावर टाकावे लागले होते. माझे बूट नाना स्वतः पुसून ओट्यावर उन्हात ठेवायचे, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवायचे.

अडचण फक्त नावाची होती. अक्कांचं आणि माझं नाव एक. एका घरात एकाच नावाच्या सासू-सुना चालत नाहीत, हे आमच्याकडे कोणी वादाचं मानत नाही. त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो. लग्नात ताटात तांदूळ पसरले, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव काढलं, बायकांनी ते मोठ्याने वाचलं, आणि सगळ्यांनी पेढे खाल्ले. मी वाकून वाचलं. नाव चांगलं होतं. एखाद्या दुसऱ्या मुलीला शोभलं असतं.

दोन दिवसांनी धुळ्याला स्वागत समारंभ झाला. मागे थर्माकोलची मोठी अक्षरं लावलेली, नवऱ्याचं नाव आणि माझं नवं नाव. आमचे मॅनेजर त्या समारंभाला आले होते. भरीत-पुरी त्यांनी तीनदा मागून घेतली आणि भरताला तोड नाही म्हणाले. मग आमच्या शेजारी उभे राहून फोटो काढला, आणि जेवणाचे हात पुसता पुसता क्लबच्या फेसबुक पानावर टाकलाही. खाली माझ्या जुन्या नावाने अभिनंदन, वर थर्माकोलमध्ये नवं नाव. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही.

बहुतेक घरांत नवं नाव पेढ्यांबरोबर संपतं. घरात हाक मारायला नवं, कागदोपत्री जुनं, असं आयुष्यभर चालतं आणि कोणाचं अडत नाही. पण आमच्या नानांना अर्धवट काम सोसत नाही. बस सुटायची ती वेळेवरच सुटली पाहिजे, अशा शिस्तीत त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी राजपत्रात नाव बदलून आणलं. मग आधार, मग पॅन, मग बँक. शेवटी म्हणाले, "पासपोर्ट पण करून टाकू. परदेशात जाते ती, तिथे गडबड नको." ऑनलाइन अर्ज त्यांनीच भरला, नाशिकला माझ्याबरोबर तेच आले, माझी वेळ येईपर्यंत माझ्यासाठी बाहेरून वडापाव घेऊन आले. इतकं माझ्यासाठी कोण करतं, असं मला वाटलं होतं. गडबड नको म्हणून केलेल्या त्या पासपोर्टानेच सगळी गडबड केली.

पुढच्या वर्षी आमचा क्लब पुन्हा त्या स्पर्धेत गेला. नव्या पासपोर्टाचा फोटो मी मॅनेजरांना पाठवला आणि त्यांनी त्यावरून माझी नोंदणी केली. नवं नाव, नवा क्रमांक. नोंदणीच्या यंत्राने विचार केला की ही कोणी नवीन मुलगी आहे, आणि हिच्यावर कसलीही शिक्षा नाही. दोन सामने उरलेली ती जुनी मुलगी यंत्रात तशीच बसून राहिली.

या स्पर्धेचं माझ्या दृष्टीने काय मोल होतं ते सांगायला हवं. निघण्याच्या आधी राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षिकेचा मला फोन आला होता. त्यांच्या बचावफळीतली मधली खेळाडू दुखापतीने घरी बसली होती. त्या म्हणाल्या, शिबिराच्या यादीत तुझं नाव आहे, या स्पर्धेत तुला बघते आणि तिथूनच घेऊन जाते. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन अक्कांना मिठी मारली. त्यांच्या हाताला पीठ होतं, ते माझ्या पाठीला लागलं. माझं वय सत्तावीस होतं. या वयात बचावाच्या मुलीला एक बोलावणं येतं. दुसरं येत नाही.

पहिला सामना आम्ही जिंकलो. समोर गेल्या वर्षीचाच संघ होता, आणि त्यात ती वेणी ओढणारीही होती. मी तिला गोलच्या आसपास फिरकू दिलं नाही. सामना संपल्यावर ती हात मिळवायला आली, माझ्याकडे टक लावून बघत राहिली. माझ्या भुवईवरची जुनी खूण ती बघत होती. नाव बदललं तरी तोंड तेच होतं.

दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या खालच्या खोलीत मॅनेजरांनी मला बोलावलं. टेबलावर एक कागद होता आणि त्याला जोडून तो फोटो. माझ्या स्वागत समारंभाचा. समोरच्या संघाने आक्षेप घेतला होता की शिक्षा झालेली खेळाडू नाव बदलून, दुसऱ्या पासपोर्टवर खेळवली. मॅनेजरांचा चेहरा उतरला होता. ते मला म्हणाले, "तू सांगायला हवं होतंस."

"काय सांगायला हवं होतं?" मी विचारलं.

"नाव बदललंय ते."

फोटोत ते माझ्या शेजारी उभे होते. हातात पेढा होता.

निकाल त्याच आठवड्यात लागला. आम्ही जिंकलेला सामना तीन शून्यने हरलेला धरला, संघ स्पर्धेबाहेर गेला. ओळख लपवून खेळल्याबद्दल माझ्यावर दोन वर्षांची आंतरराष्ट्रीय बंदी आली. बंदीची बातमी शिबिराच्या लोकांपर्यंत पोहोचायला वेळ लागला नाही. प्रशिक्षिकेने फोन केला नाही, संदेश पाठवला, "यादीतून नाव काढावं लागलं, माफ कर." संघातल्या मुली विमानतळावर माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसल्या. त्यांचा तरी काय दोष होता? वर्षभर घाम त्यांनीही गाळला होता आणि त्यांच्या हातातला सामना माझ्या लग्नाच्या ताटाने घालवला होता. कर्णधार मुलगी लहानपणापासून अनवाणी खेळलेली, मच्छीमारांच्या वस्तीतली. तिने जाता जाता मला एवढंच विचारलं, "दीदी, नाम क्यों बदला?"

क्लबने अपील केलं, पण ते स्वतःपुरतं. त्या अपिलात लिहिलं होतं की खेळाडूने ओळख बदलल्याची कल्पना क्लबला दिली नाही, क्लब प्रामाणिक आहे, आणि अशा खेळाडूशी असलेला करार क्लबने मोडला आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या दिवशी स्वतःच्या गळ्याने अनुभवलं. मॅनेजरांनी नंतर एकदा फोन केला. "ताई, समजून घ्या, क्लब वाचवायचा होता," म्हणाले. आधी मला ते अगं-तुगं करायचे. संबंध तोडताना माणसं मान द्यायला लागतात, असा माझा अनुभव आहे. मी फोन कट केला.

आता माझं अपील मलाच करायचं होतं. धुळ्यात खेळाच्या कायद्याचा वकील कुठून आणणार? नवऱ्याच्या दुकानात येणारे एक वकील होते, त्यांची सगळी प्रॅक्टिस शेतीच्या वाटण्यांची. ते आनंदाने तयार झाले. त्यांचं प्रत्येक वाक्य 'सदर'ने सुरू व्हायचं. सदर इसम, सदर लाल कार्ड, सदर चेंडू. नवऱ्याच्या एका मित्राने त्या मजकुराचं इंग्रजी करून दिलं. वकील मात्र पोचलेला माणूस होता. चहा पिता पिता त्यांनी गोम बरोबर पकडली. म्हणाले, "तुमची मोठी पंचाईत आहे. दोन्ही नावांची बाई एकच आहे म्हटलं, तर शिक्षा चुकवून खेळलात. दोन वेगळ्या आहेत म्हटलं, तर शिबिराचं बोलावणं दुसरीचं. तेव्हा बाई एकच म्हणायचं, पण नाव तुम्ही आपल्या इच्छेने बदललं नाही म्हणायचं. तुमची इच्छाच नव्हती, तर लपवायचा हेतू कुठून येणार?"

मी म्हटलं, "म्हणजे सासरच्यांनी जबरदस्ती केली असं सांगायचं?"

"जबरदस्ती म्हणू नका. इच्छा नव्हती म्हणा."

नवरा बाजूला बसला होता. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "सांग तसं. नानांना मी समजावतो." मी त्याच्याकडे बघितलं. त्याला माझ्याबद्दल खरंच वाटत होतं. पण हा माणूस नानांना समजावणार नाही, हेही मला त्याच वेळी कळलं होतं.

सुनावणी व्हिडिओवर होती. आमच्या पुढच्या खोलीत नवऱ्याने दुकानातला लॅपटॉप आणून टेबलावर ठेवला. गल्लीतल्या काकूंना मिक्सर लावू नका म्हणून सांगून ठेवलं. नाना इस्त्रीचा सदरा घालून माझ्या शेजारी येऊन बसले. मी म्हटलं, "नाना, तुम्ही कशाला?" तर म्हणाले, "मी साक्ष देणार. राजपत्रात छापून नाव बदललं आपण. लपवायचं असतं तर गल्लीभर पेढे वाटले असते का? त्यांना मी सगळं सांगतो." हातात सगळे कागद लावून, टाचून तयार होते. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चार्जरची पिन बघत होता.

पडद्यावर एका टेबलाशी बसलेली तीन माणसं होती, तीन वेगवेगळ्या देशांतली, आणि चौथी एक दुभाषी बाई, हिंदी बोलणारी. अक्का स्वयंपाकघराच्या दाराच्या पडद्यामागे उभ्या होत्या. मधले गृहस्थ अध्यक्ष. त्यांनी शांतपणे विचारलं, नाव का बदललं? मी सांगितलं, सासूचं नाव तेच होतं म्हणून. दुभाषी बाईने ते सांगितलं. एक सदस्य पुढे वाकला आणि त्याने तिला पुन्हा विचारलं, बहुधा त्याला ऐकण्यात चूक झाली असं वाटलं. तिने तेच पुन्हा सांगितलं. त्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या घरातली इतकी साधी गोष्ट त्यांना समजत नव्हती, आणि मला पहिल्यांदाच ती बाहेरून दिसली.

मग अध्यक्षांनी विचारलं, "नाव बदलणं ही तुमची इच्छा होती का?"

नाना माझ्या शेजारी होते. त्यांच्या सदऱ्याला नीळ घातल्याचा वास येत होता. मी हो म्हटलं असतं तर घर राहिलं असतं. नाही म्हटलं तर खेळ राहील असं वकील म्हणत होते. खोटं मला कोणतंच बोलायचं नव्हतं. मी विचार केला, खरं काय आहे? आणि जे खरं होतं ते माझ्या तोंडून बाहेर आलं. मी हिंदीत म्हणाले, "मला कोणी विचारलं नाही."

दुभाषी बाईला ते इंग्रजीत सांगायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात नाना उठले. हिंदी त्यांना चांगली येते, आयुष्यभर इंदूर-सुरतच्या गाड्या सोडल्या त्यांनी. कागद त्यांनी टेबलावर ठेवले नाहीत, बरोबर नेले. बाहेरच्या दाराची कडी वाजली. अध्यक्ष काहीतरी विचारत होते, मला ऐकू येत नव्हतं. नानांची साक्ष झालीच नाही.

निकाल यायला पावसाळा संपला. वरातीमागून घोडं म्हणतात तसा आला. तोवर राष्ट्रीय संघ परदेशात खेळूनही आला होता. माझ्या जागी एक वीस वर्षांची मुलगी खेळली, आणि चांगली खेळली, याचाही मला राग आला. निकालात समितीने म्हटलं होतं की फसवण्याचा हेतू दिसत नाही, म्हणून बंदी दोन वर्षांऐवजी एक वर्षाची. पण घरची रीत ही काही सबब होत नाही. पासपोर्टच्या अर्जावर खेळाडूची स्वतःची सही आहे, आणि सही करणाऱ्या सज्ञान बाईने आपलं नाव आपण बदललं असंच धरलं जाईल. बंदी संपल्यावर जुने दोन सामने राहतातच, तेही भोगावे लागतील. आणि ते भोगायला आधी एखाद्या क्लबने मला घेतलं पाहिजे. कुठल्याच क्लबने घेतलं नाही. अशी भानगडीची बाई कोण घेणार?

त्या समितीच्या माणसांवर मला राग धरता येत नाही, हे आणखी वाईट. नियमाप्रमाणे ते बरोबर होते. नाना त्यांच्या जागी बरोबर होते. वेणी ओढणारीसुद्धा आक्षेप घ्यायला बरोबर होती. इतक्या बरोबर माणसांच्या मधून माझं मात्र वाटोळं झालं. एक मॅनेजर तेवढा राग काढायला उरतो, आणि तो दुसऱ्या क्लबकडे गेला, तिथे सुखात आहे.

नाना माझ्याशी बोलायचे थांबले. भांडले असते तर बरं झालं असतं. सकाळी ओट्यावर पेपर घेऊन बसायचे, मी चहा ठेवला की मान हलवायचे. बूट मी ओट्यावर ठेवले तर ते उचलून आत ठेवायचे, पुसायचे नाहीत. नवरा मधल्या मध्ये दोन्हीकडे अर्धी वाक्यं बोलायचा. मी जवळच्या शाळेत मुलींना शिकवायला लागले, ते अजूनही करते. तिथे हजेरी मी मुलींच्या आईबापांनी ठेवलेल्या नावाने घेते, आणि शाळा संपवून गेलेल्या एखादीचं लग्न ठरलं की तिला पहिली गोष्ट सांगते, पासपोर्टला हात लावू द्यायचा नाही. त्या हसतात. हसू देत.

बंदीचं वर्ष संपायच्या सुमारास एका रविवारी दुपारी राष्ट्रीय संघाचा सामना होता. नवऱ्याने मोबाइल स्वयंपाकघरात डब्याला टेकवून ठेवला आणि तो दुकानात गेला. अक्का आणि मी खाली बसून मेथी निवडत होतो. माझ्या जागेवरची ती पोरगी पडद्यावर दिसली, राष्ट्रगीताला छातीवर हात ठेवून उभी. जे इतके दिवस बोलले नव्हते ते बोलून गेले. म्हटलं, "अक्का, तुमच्या नावापायी माझं सगळं गेलं. आणि त्या नावाने तुम्हाला तर कोणी हाकसुद्धा मारत नाही. नाना मारत नाहीत, गल्ली मारत नाही. मतदानाच्या चिठ्ठीवर तेवढं येतं. नुसतं पडून राहिलेलं नाव, त्यासाठी माझं काढून घेतलं."

अक्का काड्या एकीकडे, पानं एकीकडे टाकत राहिल्या. मला वाटलं आता यांचंही बोलणं बंद होणार. मग वर न बघता म्हणाल्या, "ते मनं नाव नही शे, पोरी."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "म्हणजे?"

"ते बी लगीनमाच ठेवेल शे. गुरुजीनी अक्षर काढं, यासनी नाव ठेवं. मनं माहेरनं नाव येगळं व्हतं."

'यासनी' म्हणजे नानांनी. मोबाइलवर सामना सुरू झाला होता. मी आवाज बंद केला. विचारलं, "काय होतं?"

त्यांचा हात थांबला. त्यांनी जुडी खाली ठेवली. मग त्यांनी ते नाव सांगितलं. हळू, एकदाच. फार साधं नाव होतं, आमच्या असोद्यात त्या नावाच्या चार जणी निघतील. माझ्या नावाशी त्याचा काही संबंध नव्हता. ते तसंच राहिलं असतं तर या घरात एका नावाच्या दोघी झाल्याच नसत्या, नानांना राजपत्र करावं लागलं नसतं, आणि त्या छातीवर हात ठेवलेल्या मुलीच्या जागी मी उभी असते. हे सगळं त्यांनाही सुचलं असणार. त्या निरक्षर आहेत, मूर्ख नाहीत.

मी म्हटलं, "अक्का, हे तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलं? लग्नाच्या वेळी?"

"काय सांगती? आते यासले बी ते याद नही," त्या म्हणाल्या. मग पुन्हा एक काडी उचलली. "आन तू बी सांगू नको. यासले वाईट वाटी."

बाहेर ओट्यावर नाना पेपर वाचत होते, पान उलटल्याचा आवाज आत येत होता. मी उठले नाही. उरलेली मेथी आम्ही दोघींनी निवडून संपवली. क्लबचा, मॅनेजरचा, परदेशातल्या त्या तिघांचा मला आजवर जेवढा राग आला असेल, त्याहून जास्त त्या दुपारी या गोष्टीचा आला, की नानांना वाईट वाटू नये म्हणून मीही गप्प बसले.